वाऱ्याच्या विजेचं बिल आणि साहेबांचा कोट

तीर्थस्वरूप भावजींना धाकट्या मेहुण्याचा, इस्त्रीच्या टेबलावरूनच नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक. पण बिलाच्या धास्तीने ताई दुपारभर श्वासाचं मशीन बंद ठेवते, हे कळल्यापासून माझं कामात लक्ष नाही. (परवा एका वकिलाच्या पँटला दोन दोन घड्या पडल्या. बिचारा काही बोलला नाही, वकील असून.)

बिल वाढलं कशाने, हे विचारायला वीज कंपनीच्या सुनावणीला गेलो. साहेबलोकांसमोर जायचं तर अंगावर बरं काहीतरी हवं, म्हणून आमच्या धंद्यात सगळेच करतात तेच मी केलं. गिऱ्हाइकाचा एक धुतलेला कोट चढवला. तिथे कळलं ते असं, की आता वीज वाऱ्यावर करतात, पण वारा लांब डोंगरावर, माणसं इथे खाली, म्हणून मधे नव्या तारा ओढल्या आणि त्यांचा खर्च थोडा थोडा सगळ्यांच्या बिलात घातला. म्हणजे वारा फुकट, गाडीभाडं आपलं. तसं बघितलं तर रास्तच आहे म्हणा. कोळशाचा धूर कमी झाला तर ताईसारख्यांनाच बरं. पण रोषणाईला वीज जाळणारा आणि श्वासाला जाळणारा एकाच मापाने मोजायचा, हे काही माझ्या पचनी पडेना. उठून तसं बोललो. मोठे साहेब माझ्याकडे टक लावून बघत होते. वाटलं, मुद्दा पटला. कसला मुद्दा, कोट त्यांचा होता.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. मी घाईघाईने कोट काढायला लागलो, तर म्हणाले, असू द्या, आत सदरा फाटलाय तुमचा. (धुलाईचे पैसे मागायचं मला काही सुचलं नाही.) मग ताईची सगळी चौकशी केली आणि अशा मशीनवाल्या घरांना बिल माफ म्हणून सांगितलं. तेव्हा ताई, ऐकतेस ना, मशीन आता दिवसरात्र चालू ठेव.

तुमचा,
मेहुणा

ता. क. भावजी, ताईला सहीपर्यंतच वाचून दाखवा. माफीबिफी काही मिळालेली नाही. साहेबांनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण तसा नियमच नाही म्हणाले. बिलं येतील तशी गुपचूप माझ्याकडे पाठवत जा.

ता. क. दुसरा. भरलेले पैसे परत पाठवाल, म्हणून आधीच सांगतो, ऐकणार नाही. मला बहीण एकच आहे.