मंगळवारचा उपास

तीर्थरूप आईच्या पायाशी सोनमचा नमस्कार.

पोरगी आता बरी हाय, दूध चांगलं वढती. वैनी संगं हाय, तवा दुखरा गुडघा घेऊन तू बारामतीला यायची घाई करू नको. म्हस व्याली का?

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं तोंड उघडत न्हाय, म्हणून ही चिठ्ठी दादाजवळ देती.

साडेचार किलोचं बाळ म्हंजी सोनमच्या मंगळवारच्या उपासाचं फळ, असं तू सगळ्या पळसदेवात सांगितलंस म्हणं. आई, ते उपास देवीचे नव्हते. सातव्या महिन्यातच माझी साखर वाढली व्हती. दर बुधवारी दवाखान्यात रक्त तपासायचे, म्हणून आदल्या दिवशी मी नुसत्या ताकावर ऱ्हायची. बाकीचे दिवस तुझ्या हातची काकवी-चपाती खायची. घरी बोट टोचून साखर बघायचं मशीन दिलं व्हतं, ते ट्रंकेत लपवलं. तुझी काय चूक न्हाय. तुला कळूच दिलं न्हाय मी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझी जादा साखर पोटात पोरीला जायची, त्यानंच ती एवढी वाढली. नाळ कापली अन् तिची साखर एकदम उतरली. दोन दिवस काचंच्या पेटीत व्हती.

तिचं वजन आता कुणाला सांगू नको. माझ्या नावानं देवीला नारळबी फोडू नको.

दर तीन तासाला नर्स तिच्या टाचंला टोचून साखर बघती. मी माझं बोट चुकवलं. तिला टाच चुकवता येत न्हाय.

तुझीच,
सोनम