सकाळच्या गाडीपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत

आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला तुझ्यासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून लिहितो आहे. तू गेलीस त्याला या शिमग्याला आठ वर्षं होतील. मी अजून त्याच भातगिरणीत आहे, शहापूरच्या बाहेर, रस्त्याला लागून. आता तूस ओढत नाही, हजेरी लिहितो. शिक्षण पाचवीपर्यंतचंच, पण अक्षर बरं आहे म्हणून कोपऱ्यातलं टेबल मिळालं. प्रत्येकीच्या नावापुढे आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची आणि आठवडा संपला की बेरीज करायची. बेरीज मी तीनदा करतो. तिन्ही वेळा सारखी आली तरी चौथ्यांदा करावीशी वाटते.

तू मला आधी पायांनी आठवतेस. गिरणीमागच्या खळ्यात उकडलेलं भात वाळत पसरलेलं आहे, आणि तुम्ही अकरा बायका लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून एकीमागे एक त्यातून चालता आहात. पावलं उचलायची नाहीत, ओढायची. म्हणजे खालचं ओलं भात वर येतं आणि मागे नांगरल्यासारख्या रेघा पडतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं खळं पालथं झालं की एक फेर. फेर संपला की पुढे चालणारी बाई कोपऱ्यात एक खडा ठेवते. पुढे चालणारी बहुधा तूच. तू एक दाणा उचलतेस, दाताखाली धरतेस, कान दिल्यासारखी थांबतेस आणि म्हणतेस, "कच्चा हाय गो अजून. चला." बायका कुरकुरत पुन्हा रांगेला लागतात. धाकटी काकी सगळ्यांत मागे. ती म्हणते, "हिच्या दातांना कवा पटायचं नि आमी कवा बसायचं!"

ऊन उतरलं की भात गोळा करायचं, गोण्या भरायच्या, आत न्यायच्या, खळं झाडून काढायचं. याला कोणी काम म्हणत नसे. रोज मिळायचा तो खळ्यातल्या पायपिटीचा, एक रुपया. पुढचं सगळं म्हणजे आवराआवर. आवराआवर झाली की मुकादम कण्यांचं मापटं घेऊन दाराशी उभा राही आणि एकेकीच्या पदरात ओती. तुम्ही मान खाली घालून घ्यायच्या. घरी आल्यावर तू त्या कण्या निवडायचीस, त्यातलं कोंड्याचं कुसळन् कुसळ काढायचीस, आणि चुलीवर पेज चढवायचीस. त्या पेजेवर मी वाढलो. वाफ तोंडावर घेत तू म्हणायचीस, "शेठचा हात मोठा हाय."

मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा मला भिंतीवरचा तो कागद दिसला. वजनकाट्याच्या मागे, रिकाम्या गोण्यांच्या थप्पीआड, कारखान्याच्या कायद्याचा गोषवारा मराठीत छापून लावलेला होता. लावायलाच लागतो, आणि लावलेला होता. फक्त पुढे गोण्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी रोज थोडा थोडा उतरवून घेऊ लागलो, साखरेच्या पुड्याच्या कागदावर. एक अक्षर चुकलं तर अख्खी ओळ पुन्हा लिहायचो. मुकादमाच्या लक्षात आलं. "काय पंडित, भिंतीला नवस बोललास काय?" तो म्हणाला, आणि हमाल हसले. त्या दिवशी मी जी ओळ उतरवली ती मला अजून पाठ आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम झालं, तर जास्तीच्या तासांना दुप्पट दरानं मजुरी.

संध्याकाळी चुलीपुढे बसून मी तुला मांडून दाखवलं. रोज रुपया, आठ तासांचा धरला तर तासाला दोन आणे. जास्तीच्या तासाला दुप्पट, म्हणजे चार आणे. मग तुला विचारलं, तुम्ही किती तास खळ्यात असता? तू पेज ढवळत होतीस, थांबली नाहीस. "आमी तास नाय मोजत रे. फेर मोजतो." मग मी म्हटलं, कण्या ही मेहेरबानी नाही, ती तुमच्या जादा तासांची मजुरी आहे, आणि तीही अपुरी. तेव्हा तू पळी खाली ठेवलीस. इतक्या हळू आवाजात तू मला कधी रागावली नव्हतीस. "मेहेरबानीला हिशोब विचारायचा नाय, पोरा. आज विचारशील, उद्या पदर रिकामा. नि माझा एकटीचा नाय, अकरा जणींचा."

मी ऐकलं नाही. पंधरा दिवस संध्याकाळी खळ्याच्या कोपऱ्यातले खडे मोजून लिहीत राहिलो. एकदा कचेरीच्या घड्याळावर पाहिलं होतं, तासात दोन फेर होत होते. तेवढं धरून मी चाललो. खडे भागिले दोन, म्हणजे तास. तुला मी हे सांगितलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "फेराचं काय सांगू? ऊन बोलावील तसं जायचं." मला वाटलं, तू टाळते आहेस. तू मला सरळ सांगत होतीस, आणि मी वहीत रेघा आखत होतो.

मग तपासणीचे साहेब आले. हंगामात एकदा येत. मी तुसाच्या ढिगामागून बाहेर आलो. तासांचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट वाचला, माझं अक्षर पाहून माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "या दिवशी चौदा तास?" मुकादमानं कागदात डोकावून पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. "चौदा तास! पंडित, सूर्य तरी चौदा तास असतो काय रे?" साहेबांनी खालची ओळ वाचली. एका दिवशी माझ्या कागदाप्रमाणे तुम्ही पाचच तास काम केलं होतं. त्या दिवशी आभाळ होतं. तेव्हा मला समजलं. कडक उन्हात भात लवकर लवकर फिरवावं लागतं, आभाळ असलं की अर्धा अर्धा तास थांबावं लागतं. खडे उन्हाचे होते, तासांचे नव्हते. साहेबांनी कागद परत केला. रागानं नाही, पण परत केला. म्हणाले, "असं चालत नाही, बाबा. यावर मला काही लिहिता येणार नाही."

मी कागदाची घडी घालत तिथेच उभा होतो. तेवढ्यात खळ्यातली रांग थांबली. तू पाय झटकून बाहेर आलीस. लुगडं सोडून नीट केलंस, पदर डोक्यावर घेतलास. मुकादम म्हणाला, "बाय, तू कुठं? फेर अर्धा हाय." तू त्याच्याकडे पाहिलंसही नाहीस.

"सायेब, पोराचा कागद चुकला," तू म्हणालीस. "आमचे पाय नाय चुकले."

"मग सांगा बाई, किती वाजता येता?"

"वाजलेलं मला कळत नाय. सकाळची किन्हवलीची गाडी त्या चिंचेखालून जाते, तवा आमचा पयला फेर चालू असतो. शाळेचा मास्तर गाडीच्या खिडकीतून आमाला हात करतो. नि सांजची मुरबाडची गाडी येते, तवा कण्या पदरात पडतात. मधी पेज प्यायला बसतो तेवढंच."

"गाडी कधी टायमावर येते?" मुकादम म्हणाला. "एसटी हाय ती! तिच्यावर काय तास मोजता?"

त्यावर मागून काकी बोलली, "गाडी उशिरा आली तर आमी पन उशिराच सुटतो, मुकादम. तुमी मापटं काढतच नाय गाडीबिगर." बायका हसल्या. साहेबही हसले. मग ते म्हणाले, स्टँडवर वहीत गाड्यांच्या आल्यागेल्याच्या वेळा रोज लिहिलेल्या असतात, ती मी पाहतो. दुपारी ते खरोखरच स्टँडवर जाऊन आले. सकाळी सातला गाडी जाते, संध्याकाळी सहाला येते. अकरा तास, त्यातून जेवणाचा एक गेला, दहा. बाजारचा दिवस सोडून सहा दिवस, साठ तास. साठातून अठ्ठेचाळीस गेले, बारा. बाराला चार आणे, तीन रुपये. आठवड्याला तीन रुपये, आये. साहेबांनी तुला समोर उभी करून ते सांगितलं, आणि कण्या मजुरीत धरता येणार नाहीत हेही शेठला सांगितलं.

पैसे यायला महिना लागला. तोवर मापटं बंद. "कायदा पायजे ना? मग कण्या कोंबड्यांना," मुकादम रोज म्हणे. काकी विहिरीवर तुला ऐकवायची, "तुज्या पोराच्या कागदानं आमची पेज नेली गो." तू घागर भरायचीस आणि यायचीस. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मग हंगामातल्या सात आठवड्यांचे एकवीस रुपये प्रत्येकीच्या हातात पडले, आणि काकी तेच पैसे मुठीत धरून आपल्या दारात आली, ओट्यावर बसली, आणि तू तिला पेज वाढलीस.

त्या पैशांतून तू मला काय दिलंस हे कोणाला सांगितलं तर हसतील. तू एक दिवस खाडा केलास. इतक्या वर्षांत पहिला. मी म्हटलं, जायचंच तर बाजारच्या दिवशी जाऊ, रुपया बुडणार नाही. तू म्हणालीस, "त्या दिसाला सगळंच घरी बसतात." आपण स्टँडवर गेलो आणि सकाळच्या किन्हवलीच्या गाडीत बसलो. तू खिडकीशी, मी तुझ्या बाजूला. कंडक्टरला तू विचारलंस, "किती वाजलं?" तो म्हणाला, "सातला दोन कमी." तू माझ्याकडे पाहून मान डोलावलीस, जणू तोही तुझ्या बाजूनं साक्ष देतो आहे. चिंच आली, खळं आलं. दहा बायका चालत होत्या, पुढे काकी होती. आणि तू एकदम वाकून डोकं खाली घातलंस. "आये, बघ ना," मी म्हटलं. "नको. कामाच्या येळेला गाडीत बसली म्हंतील," असं म्हणून तू तोंडावर पदर धरलास आणि आतल्या आत इतकी हसलीस की बाक हलायला लागला. किन्हवलीला उतरून आपण भजी खाल्ली आणि परत येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो. तुझं ते हसणं मला इतकं स्वच्छ आठवतं की कधी कधी वाटतं, तेवढंच आठवून थांबावं.

पण आज दुपारी काकी माझ्या टेबलाशी आली. ती आता थकली आहे, खळं झाडते. नव्या आलेल्या दोन मुलींना ती तुझी आणि गाडीची गोष्ट सांगत होती. सांगून झाल्यावर माझ्याकडे वळली. "तुजी आय सगळ्यांसाठी बोलली. मी पन बोलली, मला कामाला बोलावलं. तुला बोलावलं. मग तिलाच कसं बोलावलं नाय रे दुसऱ्या वरसाला?" मी म्हटलं, "मुकादमाला राग होता." काकी गेली. मी त्यानंतर एकही बेरीज करू शकलो नाही.

तो हंगाम संपून पुढची दिवाळी झाल्यावर मुकादम पाड्यावर आला होता, हंगामाची माणसं ठरवायला. ज्याला ठरवला त्याच्या हातावर तो बयाण्याचा एक रुपया ठेवी. तू पाण्याला गेली होतीस. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "तुझं काम चोख हाय. शेठला तू हवास. एकच सांग. तो कागद तू तुझ्या मनानं लिहिलास, का लिहायला कोणी लावला?"

मी म्हटलं, "आयेनं लावला."

तो "वाटलंच" म्हणाला आणि एक रुपया ठेवून गेला. तू आलीस, घागर उतरवलीस, रुपया पाहिलास आणि विचारलंस, "कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." तू क्षणभर दाराबाहेर पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं झालं. एकाचं तरी झालं." त्या हिवाळ्यात तू डोळखांबकडे लाकूडतोडीच्या कामाला गेलीस, पुढच्याही हिवाळ्यात गेलीस, आणि तिथून ताप घेऊन आलीस. त्या कामानंच तू गेलीस असं मी म्हणत नाही. ते मी बऱ्याचदा मांडून पाहिलं आहे, मला ते सोडवता येत नाही.

हे काकीला वाचून दाखवावं असं लिहायला बसताना वाटत होतं. दाखवणार नाही. तो रुपया आला त्या रात्री मी तुला सांगितलं होतं की मुकादमानं मला दम दिला, म्हणून मी गप्प राहिलो, तुझ्यासाठी बोलू शकलो नाही. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. त्यानं दम दिला नव्हता, आये. त्यानं नुसतं विचारलं होतं.