पंप आणि त्याची जागा

जठारपेठ, अकोला

प्रिय दीक्षा,

सप्रेम जय भीम. गुडघा सोडला तर आई बरी आहे. परवा नांदगाव खंडेश्वरहून दीपमाला आत्या आली होती. आल्या आल्या तिनं तेच विचारलं, "वयनी, आपली पोट्टी पुण्यात करते तरी काय वं?" आई म्हणाली, "मशिनीले नावं ठेवते!" आम्ही पोट धरून हसलो. मग मात्र मी आत्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तेच तुलाही लिहितो.

दोन वर्षांपूर्वी तू कंपनीतर्फे आमच्या वीजकेंद्रात आली होतीस. पंप आणि पंपाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी, असं तू आम्हाला समजावलंस. जागा तीच राहते. पंप येतात, जातात, दुरुस्त होऊन भलतीकडेच बसतात. बनवणारा, दुरुस्त करणारा आणि चालवणारा त्याला वेगवेगळ्या नावांनी ओळखत असले, तरी हा तोच पंप, हे कॉम्प्युटरला कळलं पाहिजे. त्याची पहिल्या दिवसापासूनची हकीकत त्याच्यासोबत फिरली पाहिजे. ती सगळी माहिती जुळवणारी रचना कॉम्प्युटरवर बांधताना तू किती महिने खपलीस, ते मी पाहिलंय.

मागच्या मंगळवारी सकाळी पंपाच्या कारखान्याकडून इशारा आला. एका तुकडीतल्या पंपांच्या शाफ्टमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यात, दोष होता. आमच्या जुन्या फायलींप्रमाणे त्या तुकडीतला आमचा एकच पंप, आणि तो कधीच भंगारात गेलेला. तरी यंदाच आमच्या केंद्रात बदलून आलेल्या कमलाकांत साहेबांनी तू बांधलेल्या रचनेत शोध घ्यायला लावला. त्याच तुकडीतला आणखी एक पंप निघाला. दुसऱ्या केंद्रानं घेतलेला, दुरुस्तीत नवा नंबर चढलेला, मग आमच्याकडे आलेला, आणि त्या क्षणी बॉयलरला पाणी देत असलेला! साहेबांनी लगेच दुसरा पंप लावून तो बंद करवला. उघडला तर शाफ्टला भेग. बोट फिरवलं की नख अडकत होतं.

साहेबांनी विचारलं, ही रचना कोणी केली होती? भरल्या कंट्रोल रूममध्ये मी म्हणालो, "माही बहीण आहे ते, साहेब." माझा आवाज जरा जास्तच मोठा लागला. लागू दे. हे ऐकून आत्या एवढंच म्हणाली, "बापा!" आणि आईनं तुझ्या फोटोकडे पाहून डोळ्याला पदर लावला.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की हे काम कोणालाच दिसत नाही, म्हणून सोडून बँकेची नोकरी धरतेस. धर हवी तर, आम्ही पाठीशी आहोत. पण ठरवण्याआधी एक गोष्ट तुला माहीत हवी. आईला मी ती सांगितलेली नाही. त्या दुपारी त्या पंपाची थरथर मोजायची पाळी माझी होती. मोजताना मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा असतो, आणि चालत्या पंपात असा शाफ्ट तुटला की लोखंडाचे तुकडे उडतात. दीक्षा, आज हे पत्र लिहायला मी आहे, तो तुझ्या कामामुळे.

तुझाच, अभिमानानं फुगलेला,
संघपालदादा