डाव्या पायाची तीन बोटे

२४ ऑगस्ट २०२५, चिंताकी
दुपारी सव्वादोन वाजता सामानासह पोहोचलो. छप्पन्नाव्या वर्षी सोलापूर सोडून खेड्यात राहायला येणे मित्रांना वेडेपणाचे वाटले. मला मात्र घरी आल्यासारखे वाटते आहे. राजूआत्याने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने, पंच्याऐंशीव्या वर्षी मधली खोली स्वतः झाडून ठेवली होती. खिडकीजवळची एक शहाबादी फरशी ठोकली की पोकळ वाजते. खाली धान्याचे जुने पेव आहे, कधीच बुजवले, असे आत्या म्हणाली. खाट तिथेच टाक, वारा लागतो, असेही म्हणाली.

२९ ऑगस्ट
आजोबा तानाजी यांची फौजेतील सेवानोंद मिळावी म्हणून फेब्रुवारीत अर्ज केला आहे. कल्पना आत्याचीच. मरण्याआधी बापाचा कागद एकदा पाहायचा, एवढीच तिची इच्छा. मी त्यांचा सख्खा नातू आहे, असे प्रतिज्ञापत्र लिहून देताना मला अभिमान वाटला होता. पंधरा वर्षांचा होईपर्यंत दर सुट्टीत त्यांच्या तळपायांना मी एरंडेल चोळले आहे.

९ सप्टेंबर
पाकीट आले. अकरा पाने, पुसट छायाप्रती. ती वाचायला औरादहून फौजेतील निवृत्त हवालदार गुरुबसव यांना बोलावले. 'एस.ओ.एस.' ही अक्षरे पाहून मी दचकलो होतो. ती मदतीची हाक नव्हे, पथकाच्या पटावरून नाव कमी केल्याची खूण, असे सांगून ते पोटभर हसले. आत्याने त्यांना त्या पोकळ फरशीवर बसवून आजोबांचे पूर्ण नाव मोठ्याने वाचायला लावले. त्याखालोखाल, वारस म्हणून, माझे: धनराज.

११ सप्टेंबर
गुरुबसव पुन्हा आले. दहावे पान आज वाचता आले. डिसेंबर १९४४, इटली: हिमदंश, डाव्या पायाची करंगळी व शेजारचे बोट कापले. ऑगस्ट १९४६: सेवामुक्त.
मी चोळलेल्या पायांना दहा बोटे होती. शिवाय आजोबा १९४५च्या दिवाळीला परतले, असे घरात सांगतात. वडिलांचा जन्म डिसेंबर १९४६चा.
गुरुबसव चहा न घेताच गेले.

१३ सप्टेंबर
सकाळी खाटेभोवती मातीचे ठसे. उजव्या पायाची पाच बोटे. डाव्याची तीन. दोनदा मोजली.

१४ सप्टेंबर
आत्याला विचारले. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, व्हय, पहिला आला त्यो अप्पाचा, माझ्या बापाचा, दोस्त. अप्पा मेला म्हणून सांगायला आला अन् राह्यला. ठाणाकुशनूर गाव सोडून आम्ही इथं आल्यावर अप्पा कधी आलाच नव्हता. त्याला कोण वळखणार? वरीस सरायच्या आत खरा अप्पा काठी टेकत आला. आईनं भाकरी दिली. त्या दोस्तानं त्याला पेवात लोटला. फरशी आईनं बसवली. मी सहा वर्षांची होते. मी कंदील धरला.
मग मी कोणाचा नातू, असे विचारले.
म्हणाली, त्या दोस्ताचा. पण लिहून कुणाचा दिलास?

१६ सप्टेंबर
या बाईला मी आईच्या जागी मानले. अर्ज तिचा. शपथ तिने घ्यायला लावली. खाटेची जागाही तिनेच —
ती म्हणते, ऐंशी वर्षं त्यो खालून एकच विचारायलाय, माझ्या नावानं जेवला त्यो कुठंय? त्यो तर मेला; आता अप्पाचं नाव लावणारा कोण, ते कागदाबिगर कसं दाखवू?

१८ सप्टेंबर
उद्या निघणार होतो. आत्या पाया पडली. सर्वपित्रीला पुरुषाच्या हातचे ताट लागते, तेवढे ठेव अन् जा, म्हणाली. कर्तव्य म्हणून थांबतो आहे. ठसे आता खाटेकडे तोंड करून —

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
दुपारचे बारा. तिने फरशीभोवती पाणी फिरवले, पाट मांडला, केळीचे पान ठेवले. मला पाटावर बसवले. वाढायचे आणते म्हणून गेली.
बाहेरून कडी लागली.

१२.१०
खिडकीला गज आहेत. हाका मारल्या. ती दारापलीकडेच बसली आहे, बांगड्या वाजतात.

१२.१४
पान रिकामेच आहे.
फरशी एका कडेने चार बोटे वर — खालून श्वास — कडेवर पाय टेकला आहे, डावा, तीन —
आत्या बाहेरून अगदी मायेने सांगते आहे, अप्पा, वाढलंय बघ, आता जेव, त्याचं नाव धनराज, त्यानं स्वतःच्या हातानं लिहून —