दारापुढची फरशी

अर्जुनी, बुधवार, मार्च १९३८

घराची दुरुस्ती संपली एकदाची. दारापुढची बाग खणून यांनी फरशी टाकली. मोगरा, कण्हेर, जास्वंद, सगळं गेलं. का, तर गोंदियाला एका धानगिरणीवाल्याच्या दारात यांनी तशी पाहिली. मी म्हटलं, जास्वंद तरी ठेवा, सासूबाईंच्या हातची आहे. तर म्हणाले, "पाहुण्यानं चिखल तुडवत कायले यावं?" पाहुणे! वर्षातून येतात तरी किती?

बारा वर्षं रोज सकाळी फुलांची परडी मी भरत आले. यांना वाटत असावं, परडी आपोआप भरते.

आज हे पूजेला बसले आणि देवघरातून ओरडले, "काऊन व, परडी रिकामी? फुलं नाही तोडले?"

मी उठले. बाहेर गेले, गवंड्यानं टाकून दिलेला फरशीचा तुकडा उचलला, परडीत ठेवला आणि परडी त्यांच्या पुढ्यात सरकवली. पाप लागेल तर लागो. वाटलं, आता तरी बघतील. पण हे डोळे मिटून मंत्र म्हणत होते. परडीत हात घातला, हाताला लागला तो तुकडा देवाला वाहिला, आणि हात जोडले.