बघितलंस ते सांग

बाबा, तुमचे तीन प्रश्न मी आता शिकवते. रत्नागिरीत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी पंधरा-वीस माणसं जमतात. निवृत्त कारकून आहेत, सुकी मासळी विकणाऱ्या दोन बहिणी आहेत, देवरूखहून एसटीने येणारे एक आजोबा आहेत. मोबाईलवर आलेली बातमी खरी की खोटी हे कसं ओळखायचं, एवढाच विषय. मी प्रश्न फळ्यावर लिहिते आणि ते कुठल्यातरी पुस्तकातले आहेत असं त्यांना वाटू देते.

ते हर्णेच्या बंदरावरचे आहेत. संध्याकाळ आहे, होड्या लागल्यात, वाळूवर लिलाव सुरू व्हायचाय. मी दहा वर्षांची, धावत येऊन सांगते, मुंबईत पापलेटचा भाव कोसळलाय, आताच सगळं देऊन टाका. तुम्ही जाळं आवरता आवरता, मानही वर न करता विचारता, "कोणी बघितलान? कधी बघितलान? आनि तुला सांगून त्याला काय मिलतंय?" मी मागे उभ्या माणसाकडे बोट दाखवते. सांगणारा तर स्वतःच बोली लावणारा व्यापारी. "ऐकलंस ता सांगू नको, पोरी. बघितलंस ता सांग," म्हणालात, तेही चारचौघांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाव अर्थातच कोसळला नव्हता.

काल वर्गात त्या मासळीवाल्या बहिणींतल्या थोरलीने विचारलं, "बाय, परक्याचा मेसेज आला तर आमी इचारू. पोटच्या पोरान धाडलान तर त्याला कसा इचारायचा?" सगळे हसले, मीही हसले. मग एक उदाहरण सांगितलं. एका मुलीने वडिलांना मेसेज दाखवला, अमुक झाडाच्या सालीचा काढा घेतला की साखर उतरते, गोळ्यांची गरज राहत नाही. खाली डॉक्टरचं नाव. तो डॉक्टर कुठे असतो, मुळात आहे तरी का, कोणी पाहिलं नाही. वडिलांनी गोळ्या बंद केल्या. पुढे पायाची जखम चिघळली आणि ते गेले. हे मी एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगते. आवाज हलत नाही, आतही काही हलत नाही, आणि त्याचीच मला हल्ली थोडी भीती वाटते. थोरली म्हणाली, "त्या पोरीचा काय झाला मग?" मी म्हटलं, माहीत नाही, ओळखीतल्या कोणाचं तरी ऐकलंय.

ऐकलंय म्हणाले, बाबा. तुमच्या प्रश्नांखाली उभी राहून.

बारा वर्षं झाली. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून तोंड वाकडं करत तो काढा प्यायचात आणि रिकामा पेला माझ्या हातात द्यायचात. व्यापाऱ्याला तुम्ही सोडलं नाहीत, रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांनाही सोडलं नाहीत, मला मात्र एकही प्रश्न विचारला नाहीत. आईने एकदा हटकलं, गोळ्या का बंद केल्या म्हणून, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "पोरगी शिकलेली हाय. ती बघून सांगते."

हे वर्गाच्या वहीत मागच्या पानावर लिहितेय, शनिवारी पुढची पानं लागतील. तिथे मी पुन्हा तेच उदाहरण देईन, आणि बहुतेक पुन्हा ओळखीतल्या कोणाचं तरी म्हणूनच देईन. तुम्हाला तेवढं सांगते. मी बघितलं नव्हतं, बाबा. तो मेसेज मी शेवटपर्यंत वाचलासुद्धा नव्हता.