तेवीस खोट्या खुणा

नाना,

आज मीटिंगमध्ये मी आवाज चढवला. समोर माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलं होती, आणि त्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी थांबले नाही. त्याचं कारण तुम्ही होतात. ते तिला सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या नवागामच्या गल्लीत इंटरनेट हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता, तेव्हा माझं काम आधी समजावून सांगायला हवं. आता ज्याच्या-त्याच्या खिशात फोन असतो आणि त्यावर अक्षरं, चित्रं उमटतात. बिडी-सिगरेट सोडू बघणाऱ्या माणसाला तो फोन रोज दोन-चार प्रश्न विचारतो, तलफ आली तर काय करायचं ते सांगतो, आठवड्यातून एकदा कोणाशी तरी बोलायला लावतो. ते प्रश्न कोणते, कुठल्या शब्दांत, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे मी ठरवते. त्यावर माझं पोट चालतं. तुम्ही हसाल. हसा.

त्या मुलीने आज फोनवर दिसेल असा एक नवा पडदा करून आणला होता. बिडी न ओढलेल्या दिवसांचा आकडा, मोठा, हिरवा. एक जरी ओढली असं माणसाने कबूल केलं की आकडा शून्यावर येतो, आणि खाली हिरमुसलेल्या लहान मुलीचं चित्र. ती म्हणाली, "लेकीचा चेहरा बघितला की बाप विरघळतो, मॅडम." मी म्हणाले, "लेकीचा चेहरा बघितला की बाप खोटं बोलतो." आणि पुढे जे बोलायला नको होतं तेही बोलले.

मी दहावीत होते. तुम्ही पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये कलर किचनला होतात, म्हणजे जिथे रंगाची पावडर तोलून बादल्यांत कालवतात तिथे. लहानपणी मला वाटायचं की तुम्ही तिथे स्वयंपाक करता. त्या दिवशी कुठला रंग चालला ते तुमच्या नखांवरून घरात सगळ्यांना कळायचं. मिलच्या रंगमास्तरने टाकून दिलेली शेडकार्डं, रंगांच्या नमुन्यांची, तुम्ही माझ्यासाठी आणायचात, एका बाजूला कापडाचे चिमुकले चौकोन चिकटवलेले, दुसरी बाजू कोरी. वही संपली की मी त्यावर गणितं सोडवायचे. अशाच एका कार्डाच्या कोऱ्या बाजूला मी घरं आखली आणि ते चुलीमागच्या खिळ्याला अडकवलं. शाळेत बाईंनी तंबाखूवर धडा घेतला होता आणि तुमचा खोकला त्या आठवड्यात फार वाढला होता. मी म्हणाले, "नाना, बिडी न ओढलेल्या दिवशी इथे बरोबरची खूण करायची." माय भाकरी थापत होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पेन घेतलंत आणि पहिली खूण केलीत. मला वाटलं, जगात यापेक्षा सोपं काही नाही.

तेवीस दिवस तुम्ही खुणा करता आहात. रोज पाळीवरून आलात की हात धुऊन आधी त्या कार्डापाशी जाता. मी शाळेत मिरवते. मैत्रिणींच्या बापांची कीव करते. चोविसाव्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली होती, तुम्ही डबा विसरून गेलात आणि मायने तो माझ्या हाती दिला. मिलच्या फाटकाबाहेर, रंगीत पाण्याच्या नाल्याकडेला, चार-पाच कामगारांत तुम्ही उकिडवे बसला होतात. तुम्ही झुरका ओढलात आणि डोळे मिटलेत. इतके निवांत तुम्ही घरात मला कधी दिसला नव्हतात, आणि मला वाटतं मला त्याचाच राग आधी आला. डबा पुढे धरून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तेवीस दिवस झाले ना नाना?" एकाने विचारलं, "कसले रे तेवीस दिवस?" मी त्यालाही सांगितलं. सगळे हसले. तुम्ही बिडी चपलेखाली विझवलीत आणि डबा घेतलात.

घरी आल्यावर तुम्ही हात उगारला नाहीत. अहिराणीत बोललात, म्हणजे खरंच दुखावला होतात. "चार माणूसमा बापनी इज्जत काढी तू."

मी म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात."

"तुले खुण जोयजे व्हती. मी दिनी."

मला खूण हवी होती, तुम्ही दिलीत. एवढंच. नाना, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं चिडून आहे. केवढा सोयीचा जबाब. पोरीने मागितलं म्हणून दिलं, जसं काही मी जत्रेत फुगा मागितला होता. मला तुम्ही जिवंत हवे होतात. ते तुम्हाला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. कळत होतं, आणि तरी सोपं होतं ते केलंत. तुम्हाला बिडी सोडणं किती अवघड जात होतं, हे एकदा तरी बोलायचं होतं. "नही जमत, पोरी," एवढे तीन शब्द. पण बाप हरलेला दिसता कामा नये, मग तो मेला तरी चालेल.

त्यानंतर तुम्ही मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत आणि घरात बिडीचा वास यायचा बंद झाला. खिशात बडीशेपेची पुडी आली. मला वाटलं, मी जिंकले. दोन वर्षं मी तसंच समजत होते. खोकला होता, तो रंगाच्या भुकटीचा असं तुम्ही म्हणायचात, आणि भुकटी तर खरंच होती. रुमालावर लाल डाग दिसले तेव्हा मायने विचारलं. तुम्ही म्हणालात, "आज लाल रंग चालना." तिने रुमाल धुतला.

डिंडोलीच्या डॉक्टरकडे मीच तुमच्याबरोबर आले होते. त्यांनी विचारलं, "बिडी?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नंतर त्यांच्याकडे. "सोडी दिनी, साहेब." आणि मी, मी बारावीतली शहाणी, पुढे सरकून म्हणाले, "दोन वर्षं झाली. मीच सोडवली." डॉक्टर मला शाबास म्हणाले. भुकटीचा त्रास म्हणून त्यांनी औषध लिहून दिलं. रुमालाचं तुम्ही बोललाच नाहीत. ते औषध आपण पाच महिने घेतलं, नाना. पाच महिने मी तुम्हाला चमच्याने ते पाजलं आणि तुम्ही गिळलंत.

मोठ्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढल्यावर उपचार करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. तुमच्याबरोबर कलर किचनला काम करणारे काका भेटायला आले, तेव्हा मी व्हरांड्यात त्यांना म्हणाले की लाल रंगाने नानांची छाती बिघडवली. ते गोंधळले. म्हणाले, "लाल कुठला पोरी? उन्हाळ्यापासून नुसता काळा चालू आहे." मग हळूच म्हणाले, "बिडी तर तो माझ्याचकडून घ्यायचा. तुला सांगू नको म्हणायचा." मी आत आले. तुम्ही झोपला होतात. नखं काळी होती. ती महिनोन्महिने काळीच होती, आणि रोज तुमच्या हातात ताट देणाऱ्या मला ती दिसली नव्हती.

तुम्हाला जागं करून भांडावं असं मला वाटलं होतं. भांडले नाही. तेरा दिवसांनी तुम्ही गेलात. बायका म्हणाल्या, किती गुणी बाप, लेकीच्या शब्दाखातर बिडी सोडली होती. माय गप्प राहिली, मीही राहिले. त्या दोन वर्षांत मायला किती माहीत होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता तिलाही सगळं आठवत नाही.

आजच्या भांडणाचं सांगायचं राहिलं. तो पडदा मी काढायला लावला. शून्य नाही, मुलीचं चित्र नाही. फोन फक्त विचारणार, आज किती ओढल्या, आणि आकडा काहीही असो, त्यावर शेरा मारणार नाही. ती मुलगी म्हणाली, मग माणसाला धाक कशाचा राहील? मी तिला म्हणाले, तुझा बाप आजारी पडेल तेव्हा मला विचार. हे फार वाईट बोलले. उद्या तिची माफी मागायची आहे.

मागच्या महिन्यात मी 'आज किती ओढल्या' हा पहिलाच प्रश्न घेऊन पांडेसऱ्यात गेले होते, कामगारांकडून तपासून घ्यायला. पन्नाशीचा एक माणूस होता, चाळीसगावकडचा. फोन हातात घेऊन त्याने मला विचारलं, "हे मन्ही पोरले दिसी का?" मी सांगितलं, तुमच्या मुलीला काही दिसणार नाही. "नक्की?" नक्की. त्याने थोडा विचार केला, बोटांवर मोजलं आणि लिहिलं, अकरा. लिहून झाल्यावर माझ्याकडे बघून तो चक्क हसला, मोकळा झाल्यासारखा. मी त्याचे आभार मानले आणि बाहेर आले, कारण मला त्याचा भयंकर राग आला होता. परक्या बाईला एका मिनिटात त्याने खरं सांगून टाकलं.

तुम्ही दिवसाला किती ओढायचात ते मला माहीत नाही, नाना. मी तुम्हाला रोज विचारायचे, ओढली का. किती, असं एकदाही विचारलं नाही.